तोरणा-राजगडच्या वाटेवरच्या मामांना

मामा, नमस्कार.

तुमचा पुतण्या हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणार आहे. पण चार लोकांनीही ते वाचावं, म्हणून उघडपणे लिहितेय.

माझा मुलगा नववीत आहे. चष्म्याचा नंबर वाढत चालला, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोबाईल कमी करून रोज दिवसाउजेडी मोकळ्यावर पाठवायला सांगितलं. म्हणून सुट्टीत त्याला एका साहस शिबिरात घातलं. पहिल्याच चढावर तो मागे पडला. "तुझ्या एकट्यासाठी ग्रुप थांबणार नाही," असं लीडरनं सगळ्यांदेखत सुनावलं आणि त्याला पायथ्याशी बसवून ठेवलं. संध्याकाळी गडावरचे फोटो आले, त्यात तो नव्हता. नंतर सगळी सुट्टी पोरानं खोलीत, स्क्रीनसमोर काढली. भरपूर फी घेऊन मुलांची उमेद मारणाऱ्या त्या लोकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

तुमच्याबरोबरची चाल तर त्याहून कितीतरी अवघड. वेल्ह्यातून तोरणा चढायचा, म्हणजे १४०३ मीटर उंची गाठायची. मग बुधला माचीवरून घसाऱ्यानं उतरायचं, पुढे ती लांबच लांब डोंगरधार, आणि पाय बोलायला लागले की राजगडाच्या संजीवनी माचीचा चढ. धारेवर ऊन तापलं तसा त्याचा चेहरा उतरला. पण "थांबू या" म्हणेना. शिबिरातलं ते बोलणं विसरला नव्हता.

तुम्ही एकदाच मागे वळून पाहिलंत. "पायात काटा मोडलाय जणू," म्हणत दगडावर बसलात, वहाण काढलीत. "तुझी नजर कोवळी, बघ रं जरा." तो शेजारी टेकला, तुमचा तळवा निरखत राहिला. पाणी प्यायला, श्वास जाग्यावर आला. पुढच्या चढावर तुमच्या दुसऱ्या पायात काटा मोडला! मामा, मी मागेच उभी होते. काटा कुठल्याच पायात नव्हता.

परवा त्याला हे सांगितलं, तर म्हणतो, "आई, मला तेव्हाच कळलं होतं."

वाटा दाखवणारे सह्याद्रीत पुष्कळ भेटतात. दमलेल्या पोराची लाज झाकायला स्वतःचा पाय पुढे करणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. त्यासाठी प्रमाणपत्रही मिळत नाही. असं वागणारी माणसं आहेत, म्हणून आपली लेकरं दुसऱ्याच्या हवाली करायला जीव धजावतो.

ऊन कलताना राजगडाच्या अळू दरवाज्यातून तो आत शिरला, तेव्हा त्यानं तुमचा हात घट्ट धरला होता. मला भरून आलं, म्हणून तेव्हा आभार मानायचे राहिले. ते आज मानते, मनापासून.

आता त्याला अलंग-मदन-कुलंग हे तीन गड करायचेत. तिथल्या कातळटप्प्यांसाठी अजून सराव हवा, म्हणून मी थांबवलंय. दिवाळीनंतर हीच वाट उलटी, राजगडाकडून तोरण्याला करू म्हणतोय, आणि तीही तुमच्याच बरोबर. भाताची कापणी उरकली की तुमच्या सवडीचा रविवार कळवा.