गाडीच्या मागून चालत गेलेल्या शेजाऱ्यांना

प्रिय शेजाऱ्यांनो,

१४ नोव्हेंबर १९६० ला सहा वर्षांची रुबी ब्रिजेस अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या विल्यम फ्रान्ट्झ शाळेत पहिल्यांदा गेली. गोऱ्यांच्या त्या शाळेत ती एकटीच काळी मुलगी. पुढे दोन आणि मागे दोन फेडरल मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचे सशस्त्र अधिकारी. चित्रकार नॉर्मन रॉकवेलने १९६४ साली काढलेलं त्या प्रसंगाचं चित्र जगभर पोचलं. त्यात मार्शल आहेत, रुबी आहे, भिंतीवर फुटलेला टोमॅटो आहे. तुम्ही, रुबीचे शेजारी, कुठेच नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मराठीतून अमेरिकेतल्या माणसांचे आभार याआधीही मानले गेलेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना. त्यांच्याच पायवाटेने आम्ही तुमच्यापर्यंत येतो आहोत.

कोर्टाने शाळेचं दार उघडलं, मार्शलांनी दारापर्यंत सोडलं. पण मूल शाळेत वर्षभर टिकायचं तर आधी घर टिकावं लागतं, आणि घाव नेमका तिथेच बसला. वडील अबन पेट्रोल पंपावर काम करत, ती नोकरी गेली. नेहमीच्या दुकानातून वाणसामान मिळेना. तिकडे मिसिसिपीत रुबीचे आजी-आजोबा पंचवीस वर्षं वाट्याने जमीन कसत होते, त्यांनाही तिथून घालवलं. त्यातून अबन आधीपासूनच नको म्हणत होते. आग्रह होता आई लुसील यांचा. पगार बंद झालेल्या घरात ‘तरी मी म्हणत होतो’ हे एक वाक्य काय करू शकतं, ते संसार केलेल्या कुणालाही सांगायला नको. पुढे ते दोघं वेगळे झालेच.

हे अचानक कोसळलेलं नव्हतं. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा न्यू ऑर्लिन्समधला खटला १९५२ चा, अशा शाळा बेकायदा ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९५४ चा. मधली सहा वर्षं शहरातल्या नि राज्यातल्या कारभाऱ्यांनी दार बंद ठेवण्याच्या युक्त्या शोधण्यात घालवली. शेवटी पहिलीच्या मुलांनाही परीक्षेच्या चाळणीतून काढलं. निवड झाली सहा मुलींची. दोघी आपल्या जुन्याच शाळेत राहिल्या, तिघी मॅकडोनो १९ या गोऱ्यांच्या दुसऱ्या शाळेत गेल्या. त्या तिघींना निदान एकमेकींचा हात धरता येत होता. रुबीला तेवढंही ठेवलं नाही. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने रिकाम्या वर्गात तिला एकटीला वर्षभर शिकवलं. त्यांचे आभार पुष्कळांनी मानलेत, मानावेत तेवढे थोडेच.

तुम्ही मात्र कुणी न सांगता नेमकं जे लागत होतं ते केलंत. एकाने अबनना घरं रंगवायचं काम दिलं. कुणी धाकटी मुलं सांभाळली, कुणी घरावर पहारा ठेवला. आणि शाळेच्या वेळी मार्शलांच्या गाडीमागून तुम्ही चालत गेलात.

आमचं मन त्या चालण्यापाशीच अडकून राहतं. शाळा अवघी पाच ब्लॉक दूर. पुढे सरकारी गाडी, मागे तुमची पावलं. मार्शलांना पगार होता, हुकूम होता, कमरेला पिस्तूल होतं. तुमच्याकडे यातलं काही नव्हतं. अबनची नोकरी कशी गेली ते ताजं डोळ्यासमोर असताना, उजेडात, ओळखता येईल अशा चेहऱ्याने तुम्ही चाललात. गाडीत बसलेल्या आईने मान वळवली असती तर मागे आपल्याच गल्लीतली माणसं दिसली असती.

त्याच शाळेत आपली मुलगी पाठवत राहिलेलं एक गोरं कुटुंब होतं, गॅब्रिएल. शाळेबाहेर विरोधाला जमणाऱ्या गोऱ्यांच्या गर्दीला न जुमानता आई मुलीला घेऊन जायची. वडिलांना नोकरी सोडावी लागली, घरावर दगड आले, आसपासच्या लोकांनीच त्यांना वाळीत टाकलं. काही आठवड्यांत ते र्‍होड आयलंडला निघून गेले. हिंमत त्यांची तसूभरही कमी नव्हती. त्यांना तुम्ही मिळाला नाहीत, एवढंच.

माणुसकी म्हणजे काय हे शाळेत शिकवताना आपण मोठमोठी नावं घेतो. तुमची नावं आम्हाला घेता येत नाहीत, याची टोचणी आहे. रंगकामाचा डबा अबनच्या हाती देणाऱ्याला, कडेवर दुसऱ्याचं मूल घेणारीला, आणि सकाळी आपलं काम बाजूला ठेवून त्या गाडीमागे पाच ब्लॉक चाललेल्या प्रत्येकाला, मनापासून धन्यवाद.

तुमच्या ऋणात,
एक मराठी घर