कुंडी उपडी करून बघावी

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. भांगेच्या रोपांवर मी नेमकं काय काम करतो ते तुम्ही विचारलंत; फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहितोय. आधी आईला सांगा, ही परवान्याची, धाग्याची आणि बियांची भांग आहे. नशेची वेगळी, पण रोगकिडींना हा फरक कळत नाही. दोन्हींची मुळं त्या सारख्याच आवडीने खातात.

माझं निम्मं काम म्हणजे कुंडी उपडी करून मुळं बघणं. पान पिवळं पडलं की नव्या पोरांचा हात आधी नत्राकडे जातो. मुळंच कामातून गेली असतील तर खत घेणार कोण? नुसते क्षार साठतात.

निरोगी मूळ पांढरं असतं, ताठ असतं. पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूने कुजलेलं तपकिरी आणि गिळगिळीत. चिमटीत धरून ओढलं की साल सटकन निघून येते, मागे आतला दोरा तेवढा उरतो. याचे बीजाणू चक्क पाण्यात पोहतात. त्यामुळे मातीविना लागवडीत, जिथे तेच पाणी सगळ्या रोपांना फिरतं, तिथे एक रोप कुजलं की रांगेची काळजी लागते. फ्युजारियम बुरशीची मर, म्हणजे रोप कोमेजून मरणं, मात्र फसवी. रोप दुपारी मान टाकतं, रात्री सावरतं, आणि मग सावरेनासं होतं. खोड उभं चिरलं की आत तपकिरी रेघा. त्यावर औषध नाही, उपटून टाकायचं. ज्याची कटिंगं घेतो त्या मातृरोपातच बुरशी असली तर कटिंगांतून ती पुढे जाते, हे त्याहून वाईट.

किडींत मला सर्वात चिवट वाटतो मुळांवरचा मावा. भाताच्या मुळांवर येणारीच एक जात इथे बंदिस्त लागवडीत येते. माद्या नराशिवायच थेट पिल्लं घालतात, म्हणून वाढ झपाट्याने होते. पंखवाले मावे पिवळ्या चिकट सापळ्यावर दिसतात आणि बरेच जण त्यांना ओल्या मातीतली चिलटं समजतात. भिंगातून बघा: माव्याच्या पाठीमागे दोन बारीक नळ्या असतात, चिलटाचे पाय लांब आणि पंखावर इंग्रजी वायसारखी शीर.

चिलटांच्या अळ्या काळ्या डोक्याच्या, अंगाने पारदर्शक. मातीवर बटाट्याची चकती ठेवली की एक-दोन दिवसांत तिच्याखाली जमतात. त्यांच्यावर आम्ही सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे कृमी, सोडतो. दचकू नका! मुळांवर गाठी करणारे ते वेगळे. हे अळीत शिरून तिला मारतात.

या पिकाला चालणारी रासायनिक औषधं मोजकीच, शिवाय मालात अंश तपासतात. म्हणून सगळा भर निचऱ्यावर आणि वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण हवा खेळती ठेवण्यावर. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी वापरतो, पण लागवडीच्या वेळीच. मुळं कुजल्यावर ओतून उपयोग नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं!

गाठींच्या सूत्रकृमीचं पुढच्या पत्रात लिहीन. आईला नमस्कार.

आपला,
धाकटा