तंबोऱ्याचा भोपळा आपल्याच जिल्ह्यातला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात सोलापुरात लहान मुलांच्या शिबिरांना तोटा नसतो. पण मूल आठवी-नववीत गेलं की सुट्टी म्हणजे व्हेकेशन बॅच, आणि उरलेला वेळ मोबाइल. या वयाच्या मुलांसाठी महापालिकेने संगीताचं उन्हाळी शिबिर घ्यावं, म्हणून हे पत्र.

बंगळुरूच्या जे. पी. नगरात २०१९ मध्ये 'इंडियन म्युझिक एक्स्पिरिअन्स' हे संगीत संग्रहालय सुरू झालं. तिथे आवारात मांडलेले दगड, धातू, लाकूड मुलं स्वतः वाजवून बघतात. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, हात लावू देणं. त्यासाठी आपल्याकडे संग्रहालयाची इमारत उभी राहायची वाट कशाला बघायची?

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांना लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात पिकतात. हे भोपळे खायचे नव्हेत. वाळवून मिरजेला जातात, आणि तिथे कारागीर ते कापून, भिजवून, गर-बिया काढून घडवतो. असा एखादा कारागीर दोन दिवस बोलवावा. तंबोऱ्याची तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा असतो. तो केसभर सरकवला की दबलेला सूर एकदम खुलतो, मागे गुंजत राहतो. नववीतल्या पोरापोरींनी तो दोरा स्वतःच्या बोटांनी सरकवून बघावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

शाहीर राम जोशी याच सोलापूरचे. हलगी, संबळ, तुणतुणं वाजवणारे आजही आपल्यात आहेत. वरातीत त्यांच्या ठेक्यावर आपण नाचतो, पण शिकवायला त्यांना कोणी बोलावत नाही. शिबिरात त्यांना गुरू म्हणून बसवावं आणि मानधनही तसंच द्यावं.

मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, तेव्हा वेळ सकाळी ७ ते १० बरी. पालिका शाळांचे वर्ग रिकामेच असतात. फी नको. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या मुलांना आधी जागा मिळावी; त्यांच्या घरची तेलुगू, कन्नड भजनंही मग शिबिरात येतील.

निर्णय मात्र फेब्रुवारीतच व्हायला हवा. लग्नसराई सुरू झाली की हलगीवाल्यांच्या तारखा मिळत नाहीत.

आपला,
एक पालक, जुळे सोलापूर