आठ नंबरचा तुकडा शोधून दिल्याबद्दल, काकांना

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून काढतोय. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय, कारण अमेरिकेत आजही कुठल्या ना कुठल्या तळघरात, गोदामात जुने स्लॉट कार ट्रॅक धूळ खात पडलेले आहेत. ते उचलून आणणाऱ्यांना ट्रॅक मिळतो, पण त्याची माहिती सांगणारं माणूस मिळत नाही. आम्हीही असाच एक जुना ट्रॅक आणला, आणि आम्हाला तुम्ही मिळालात.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाकडी ट्रॅकमध्ये खाचा कोरलेल्या असतात. गाडीच्या पोटाखालचं पातं त्या खाचेत बसतं. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या असतात, त्यांतून गाडीच्या मोटरला वीज मिळते. तुमच्या हातातल्या कंट्रोलरवर फक्त वेग असतो, वळवायचं काम खाच करते. जास्त वेगात वळणावर शिरलात की गाडी खाचेतून उडते, आणि मार्शल ती परत ठेवेपर्यंत बाकीचे पुढे निघून जातात. घरगुती खेळ म्हणून ही गोष्ट पसरली ती इंग्लंडातून. फ्रेड फ्रान्सिस यांनी 1957 साली स्केलेक्स्ट्रिक बाजारात आणलं. पण आमचा ट्रॅक त्या जातीचा नाही. तो 1:24 प्रमाणातल्या वीतभर गाड्यांसाठी केलेला, आठ लेनचा, दुकानात तासाच्या भाड्याने चालवायचा ट्रॅक. 1960च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत असे रेसवे गावोगाव निघाले आणि तितक्याच झपाट्याने बंदही झाले.

त्या मोजक्या वर्षांत तुम्ही तिथे होतात. दिवसा इलेक्ट्रिकलचं एमएस आणि संध्याकाळी ओहायोतल्या एका रेसवेच्या काउंटरवर नोकरी. गणेशोत्सवात आरतीनंतर मी सहज ट्रॅकचा विषय काढला, तर तुमचा पहिला प्रश्न होता, "लेन किती? फेरी किती फुटांची?" त्यावर मी म्हणालो, सगळे त्याला किंग म्हणतात, म्हणजे 155 फूट. तुम्ही विचारलंत, "म्हणतात की मोजलीय?"

तिथून पुढे जे झालं त्याबद्दल हे पत्र आहे.

'किंग' हा शब्द आमच्याकडे सगळेच सर्रास वापरतात. त्या काळी अमेरिकन मॉडेल रेसवेज ही कंपनी तयार ट्रॅक विकायची, आणि ते रंगांवरून ओळखले जायचे. निळा किंग 155 फुटांचा. जांभळा त्याहून मोठा, 220 फुटांचा, त्याला 'पर्पल माइल' म्हणत, कारण 24 फेऱ्या झाल्या की 5,280 फूट, म्हणजे बरोबर एक मैल. हे गणित तुम्ही मला कागदावर मांडून दाखवलंत तेव्हा पहिल्यांदा त्या नावाला अर्थ आला. किंगचा आराखडा इतका जमून आला होता की पुढे इतरांनीही त्याच घाटाचे ट्रॅक बांधले, आजही बांधतात. आज त्यावर खास पातळ पंखांच्या गाड्या दीड सेकंदाच्या आत फेरी मारतात. हिशेब केला तर ताशी 110 किलोमीटरच्या वर, आणि तेही वीतभर गाडीने.

आमचा ट्रॅक मोजायला तुम्ही लावलंत. पोलादी टेप उभी करून खाचेत बसवली आणि लेनमागून लेन सरकवत गेलो. उत्तर आलं 139 फूट. आमच्यातल्या दोघातिघांना वाटलं, असेल कोणीतरी स्थानिक सुताराने बांधलेली लहान नक्कल. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मेकॅनिक गाडीखाली सरकायला वापरतात ती चाकांची फळी मागितलीत आणि ऐंशी ओलांडलेल्या वयात बॅटरी घेऊन ट्रॅकखाली शिरलात.

तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. वरून आम्ही सगळे रंग, पट्ट्या, वळणं बघत होतो. तुम्ही खालून सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेले आकडे वाचत होतात. हे ट्रॅक तुकड्यांत बनतात, ट्रकमधून येतात आणि जागेवर बोल्टांनी जोडले जातात, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पोटावर त्याचा क्रमांक असतो. तुम्ही खालून मोठ्याने सांगत होतात आणि मी लिहीत होतो. पाच, सहा, सात, नऊ. मग पलीकडच्या समांतर सरळ भागात तेरा, चौदा, सोळा. "आठ कुठाय? पंधरा कुठाय?" आणि मग त्या दोन जोडांवरच्या बोल्टांची भोकं तुम्ही मला बोट घालून दाखवलीत. बाकी सगळ्या जोडांना भोकं नीट, एका रेषेत. या दोन जोडांना जुनी भोकं लाकडी गुल्ल्यांनी बुजवलेली आणि नवी शेजारी वाकडीतिकडी पाडलेली.

प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड इथे 4 फूट बाय 8 फूट मापात येतो. लेनमध्ये साधारण 4 इंच अंतर धरलं तर आठ लेन आणि कडेची मोकळी जागा मिळून एक शीट पुरतं. म्हणजे सरळ भागातला एक तुकडा 8 फुटांचा. सरळ भागातून एक काढला तर समोरचाही काढावा लागतो, नाहीतर गोल जुळत नाही. 8 आणि 8, सोळा. 139 आणि 16, एकशे पंचावन्न. हे तुम्ही ट्रॅकखालीच झोपून केलंत, आणि बाहेर येऊन एवढंच म्हणालात, "कोणीतरी लहान खोलीत बसवायला कापलाय. ट्रॅक पूर्ण होता."

आमच्या हातात आलेला ट्रॅक म्हणजे कोणाची नक्कल नव्हती. तो एक पूर्ण ट्रॅक होता आणि नाइलाजाने कमी केला गेला होता. हे कळल्यावर सगळ्या कामाचा रोख बदलला. वरून नवा पृष्ठभाग चढवून, आहे त्या मापात ट्रॅक सुरू करायचा असं ठरत आलं होतं. त्याऐवजी आम्ही तो आधी वाचायचा आणि मग बांधायचा असं ठरवलं.

वाचायचं कसं, तेही तुम्हीच शिकवलंत. तांब्याची पट्टी ज्या उथळ खोबणीत बसते तिथे नंतरचा रंग कधी पोचत नाही, कारण रंगवणारे पट्टी न काढताच रंगवतात. पट्टी अलगद सोडवली की खाली मूळ रंगाची एक चिंचोळी रेघ मिळते. आमच्या करड्या ट्रॅकखाली हिरवट निळा निघाला. ओल लागून काळवंडलेला होता, पण जागोजाग सलग होता. ड्रायव्हर उभे राहतात त्या बाजूला तारांची जुनी भोकं सापडली, त्यावरून कळलं की कंट्रोलर जोडायचे खुंटे पूर्वी दुसऱ्या बाजूला होते, म्हणजे त्या आधीच्या खोलीत दार उलट दिशेला होतं. फेऱ्या मोजायच्या जुन्या यंत्रासाठी पट्टीचा एक छोटा तुकडा बाकी पट्टीपासून तोडून वेगळा ठेवत, तो जिथे होता ती जागाही सापडली. हे सगळं तुम्ही आम्हाला नकाशावर उतरवून ठेवायला लावलंत, तारखेसकट, आणि त्याशिवाय सँडपेपर हातात घेऊ दिला नाहीत.

इथे काकूंचे आभार मानले नाहीत तर पत्र अपुरं राहील. सार्वजनिक ग्रंथालयातल्या मायक्रोफिल्मवर जुनी वर्तमानपत्रं बघायला तुम्ही दोघं माझ्याबरोबर बसलात. मी खेळण्यांच्या आणि हॉबीच्या जाहिराती चाळत होतो. काकू म्हणाल्या, बोलिंगच्या जाहिराती असतात त्या पानावर बघ. आणि तिथेच सापडली! रेसवे काढणाऱ्यांत बोलिंग अ‍ॅलीवाले बरेच होते, त्यांना तसाच दुसरा धंदा हवा होता, हे तुम्ही आधी सांगितलं होतं, पण त्यावरून पान ओळखलं काकूंनी. मग त्या पत्त्यावरून जुन्या शहर डिरेक्टरीत वर्ष-वर्ष मागेपुढे जात दुकान कधी उघडलं, कधी नाहीसं झालं, त्यानंतर त्याच जागेत काय आलं, हे काकूंनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. ती वही आता आमच्या ट्रॅकची जन्मनोंद आहे.

ते दुकान बंद का पडलं हेही मला तुमच्याकडूनच नीट समजलं. लोक सांगतात, फॅड होतं, ओसरलं. तुम्ही काउंटरच्या आतून पाहिलं होतं. सुरुवातीला शाळेतली पोरं खिशातल्या पैशांत तासभर भाड्याच्या गाड्या चालवायची. मग मोटरच्या तारा नव्याने गुंडाळणारे, चेसिसला डाग देणारे तरबेज लोक आले. त्यांच्या गाड्या इतक्या पळायला लागल्या की नवख्या मुलाला त्याच ट्रॅकवर उभं राहायची लाज वाटायला लागली. गाड्या महाग झाल्या, आज घेतलेली उद्या जुनी. धंद्याची काही कल्पना नसलेल्यांनी कर्ज काढून ट्रॅक घेतले होते, त्यांनी आधी माना टाकल्या. 1968 पर्यंत उतरती कळा लागली होती. ट्रॅक कवडीमोलाने विकले गेले, कापले गेले, तळघरांत गेले. म्हणूनच त्यांचा माग काढणं इतकं अवघड. तुम्ही हे सांगताना एका मुलाबद्दल बोललात, जो गाडी न आणता नुसता बघायला यायचा आणि ज्याला तुम्ही बंद करायच्या वेळी पाच मिनिटं फुकट चालवू द्यायचात. असे मालक आणि असे काउंटरवाले अधिक असते तर हा खेळ त्या वेळी एवढा आटला नसता, असं मला मनापासून वाटतं.

आता बांधकामाबद्दल. आठ आणि पंधरा हे दोन्ही तुकडे आम्ही नव्याने केले. एमडीएफ घेतला, सरळपट्टी लावून राउटरने, म्हणजे लाकडात खाच कोरायच्या यंत्राने, एक अष्टमांश इंच रुंदीच्या खाचा काढल्या, पट्टीसाठी दोन्ही बाजूंना खोबणी काढल्या. जुना बोर्ड इतक्या वर्षांत थोडा फुगला होता, म्हणून नव्याखाली पातळ पाचरी घालून पातळी जमवावी लागली. जोड बरोबर बसला का हे मोजपट्टीने मोजून आम्ही खूश झालो होतो. तुम्ही डोळे मिटून जोडावरून अंगठ्याचं नख फिरवलंत आणि "इथे, पिवळ्या लेनला" म्हणालात. पुन्हा फिरवून बघितलं तर खरंच नख अडत होतं, केसाएवढं. गाडीचं पातं तिथे दर फेरीला आपटलं असतं.

आणि विजेचं काम तर संपूर्ण तुमचंच. प्रत्येक खुंट्याला तीन तारा: पांढरी पुरवठ्याची, काळी ट्रॅककडे जाणारी, लाल ब्रेकची. बोट उचललं की मोटरचे दोन्ही टोक लाल तारेतून जोडले जातात, फिरणारी मोटर जनित्र बनते आणि स्वतःलाच थांबवते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण ट्रॅकच्या लांबच्या टोकाला गाड्या मरतुकड्या का चालतात ते शोधायला तुम्ही जी युक्ती केलीत ती कुठल्याही पुस्तकात मी पाहिली नव्हती. मोटारीच्या हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब पट्ट्यांना लावायचा, म्हणजे साडेचार अँपिअरचा भार पडतो, आणि मग मीटरने व्होल्ट बघत फेरीभर चालत जायचं. बल्ब नसताना सगळीकडे साडेतेरा दाखवत होता. बल्ब लावल्यावर मागच्या वळणापाशी अकराच्या खाली! तिथे पुरवठ्याच्या जाड तारा खालून नव्याने जोडल्या, आठही लेनच्या परतीच्या तारा वेगवेगळ्या केल्या. आधी सगळ्यांची परत एकाच बारीक तारेतून होती, त्यामुळे शेजारच्याने ब्रेक मारला की आपली गाडी उगाच उसळायची. आता उसळत नाही. आमच्या पोरांना वाटतं ट्रॅक असाच असतो.

लेनचे रंग जुन्याच क्रमाने लावले आहेत: लाल, पांढरी, हिरवी, नारिंगी, निळी, पिवळी, जांभळी, काळी. पृष्ठभागाला तो हिरवट निळा परत दिला, खोबणीतल्या नमुन्यावरून रंग जुळवून. फक्त सात नंबरच्या तुकड्याची खालची बाजू, जिथे पेन्सिलीचे आकडे आहेत, ती तशीच ठेवली आहे, रंग न लावता. तिथे आत दिवा बसवलाय आणि खाली वाकून कोणालाही आकडे वाचता येतात. नव्या दोन तुकड्यांच्या पोटावर आम्हीही पेन्सिलीने 8 आणि 15 लिहिलं, वर्षासकट, आणि काकूंच्या वहीचा संदर्भ दिला, म्हणजे उद्या कोणी हा ट्रॅक आणखी कुठे हलवला तर त्याला कळेल की हे तुकडे कधीचे आणि का केले.

पूर्ण 155 फुटांची पहिली शर्यत पुढच्या महिन्यात ठेवली आहे. नेहमीच्या पद्धतीने, प्रत्येकाने आठही लेनवर एकेकदा चालवायचं. त्याआधी बल्ब लावून फेरीभर मीटर फिरवायचं काम तुमच्या हातून व्हावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. काकूंना सांगा, वहीची प्रत काढून बांधून ठेवली आहे, मूळ वही त्यांना परत द्यायची आहे. तुम्हाला कोणता शनिवार सोयीचा ते फोनवर कळवा, मी न्यायला येतो.

तुमचा,
आणि आठही लेनवरच्या सगळ्यांतर्फे