सोलापूरच्या अंगणातल्या आंब्याला कोकणचं वेळापत्रक नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंब्याचा हंगाम आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि मोबाइलवरच्या गटांत परसबागेतल्या आंब्याविषयी बरंच काही वाचायला मिळतं. त्यातलं बहुतेक कोकणातल्या हापूसच्या बागा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं असतं. तिकडे जांभ्या दगडाची आम्ल जमीन, धो धो पाऊस आणि समुद्राची दमट हवा. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, जमिनीत चुनखडी, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर आणि नळाला काही दिवसांआड पाणी. झाड तेच असलं तरी पाणी कधी तोडायचं, फळ कधी उतरवायचं आणि पिकवायचं कुठं, याचा हिशेब इथं वेगळा पडतो. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड भागात बंगल्यांच्या आवारात हिरवीगार, डेरेदार पण मोहोराचं नाव नसलेली झाडं पुष्कळ दिसतात. त्यांना रोग काही झालेला नसतो. मालक बारा महिने पाणी घालत असतो, एवढंच.

ज्यांचे पाहुणे सांगोला-मंगळवेढ्याकडे डाळिंब करतात त्यांना 'ताण देणं', म्हणजे ठरवून काही काळ पाणी तोडणं, समजावून सांगावं लागत नाही. आंब्यालाही ताण लागतो. पावसाळ्यात आलेली पालवी जून होऊन काड्या पक्व व्हाव्या लागतात, झाडाची वाढ थांबावी लागते, आणि त्यावर थंडीच्या रात्री मिळाल्या की त्या काडीच्या शेंड्यातून मोहोर निघतो. नेमकं याच काळात पाणी मिळत राहिलं तर त्याच शेंड्यातून मोहोराऐवजी तांबूस पालवी फुटते आणि ते वर्ष गेलं म्हणून समजायचं. आपल्याकडे परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. तो संपला की फळत्या झाडाचं पाणी पूर्ण बंद करावं आणि कैरी वाटाण्याएवढी दिसेपर्यंत, म्हणजे साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीपर्यंत, आळ्यात एक बादलीही ओतू नये. दुपारी पानं थोडी मलूल दिसली तरी घाबरायचं कारण नाही. तीन-चार वर्षांपर्यंतच्या लहान झाडांना मात्र हा नियम लावू नये, त्यांना हिवाळ्यातही पाणी लागतं.

अडचण अशी की अंगणातलं झाड नुसतं आळ्यातून पाणी पीत नाही. शेजारी लॉन असतं, न्हाणीचं पाणी त्याच अंगाला सोडलेलं असतं, नाहीतर शोषखड्डा दहा फुटांवर असतो. आळं कोरडं ठेवून उपयोग नाही, तो पाइप ऑक्टोबरमध्ये दुसरीकडे वळवावा लागतो. ऑगस्टनंतर युरिया टाकणं हेही ताण मोडण्याचंच काम आहे. मोहोर येत नाही म्हणून रोपवाटिकेतून संजीवक (झाडाची वाढ रोखणारं औषध) आणून मुळाशी ओतण्याची हल्ली टूम निघाली आहे. पॅक्लोब्युट्राझोल हे औषध बागायतदार झाडाच्या घेराच्या व्यासाच्या दर मीटरला पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे बाजारातल्या द्रावणाचं ३ मिली, असं मोजून पावसाळ्यातच देतात. ते जमिनीत दीर्घकाळ राहतं आणि मात्रा चुकली की फांद्या आखडून झाड खुजं होतं. घरच्या एका झाडासाठी या फंदात पडू नये.

कैरी वाटाण्याएवढी झाली की पाणी सुरू करायचं, पण एकदम धबधबा नको. पहिल्यांदा थोडं, मग वाढवत न्यावं. आठ-दहा वर्षांच्या झाडाला एका वेळी १५० ते २०० लिटर पुरतं. काळ्या जमिनीत दर दहा दिवसांनी आणि मुरमाड जमिनीत पाच-सहा दिवसांनी द्यावं. पाणी बुंध्याला लावू नये. दुपारी बारा वाजता झाडाची सावली जिथं संपते त्या कडेला अन्न घेणारी बारीक मुळं असतात, तिथं गोल चर काढून द्यावं. आळ्यात उसाच्या पाचटाचं चार इंच आच्छादन टाकलं तर निम्मं पाणी वाचतं. पाचटाची जिल्ह्यात कमतरता नाही. तोडणीच्या आधी १५-२० दिवस पाणी पुन्हा बंद, नाहीतर फळ पाणचट होतं.

पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट. घरोघरी पाणी शुद्ध करण्याची यंत्रं आली आणि त्यातून बाहेर पडणारं पाणी 'वाया कशाला घालवा' म्हणून आंब्याला जाऊ लागलं. त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार दाट झालेले असतात. बोअरचं पाणी आधीच जड, त्यातून हे. दोनेक वर्षांत पानांचे शेंडे आणि कडा करपू लागतात आणि लोक बुरशीनाशक शोधत फिरतात. ते पाणी फरशी धुवायला वापरावं. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडत असेल तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. लोह जमिनीत असतं, पण चुनखडीमुळे मुळांना मिळत नाही. म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून फारसा गुण येत नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून कोवळ्या पानांवर संध्याकाळी फवारावं, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. शेणखत भरपूर ठेवलं तर केवडा हळूहळू आपोआप कमी होतो.

आता लागवड. जून तोंडावर आला की रस्त्याच्या कडेला कलमांच्या गाड्या उभ्या राहतात आणि हौसेनं हापूस घेतला जातो. सोलापुरात हापूस जगतो, वाढतोही, पण भरवशाचं फळ देईल असं मानू नये. त्याच्या साक्याला (पिकताना आतला गर पांढुरका, स्पंजासारखा होण्याला) जमिनीतून वर येणारी धग हे एक कारण मानलं जातं, आणि चहूबाजूंनी कोबा केलेलं आपलं अंगण म्हणजे तापलेला तवाच. इथं केसर घ्यावा. जागा कमी असेल तर आम्रपाली. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून निघालेली ही ठेंगणी जात दरवर्षी फळते, फळ लहान आणि उशिरा येतं, पण गोडीला कमी नाही. केसर कुंपणाच्या भिंतीपासून निदान १२ फूट आणि आम्रपाली ८ फूट आत लावावा. खड्डा तीन फूट लांब, रुंद आणि खोल, उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. भरताना पोयटा माती, दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत, २ किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो निंबोळी पेंड. काळ्या चिकण मातीत खड्डा जमिनीबरोबर भरला तर पावसात त्याची विहीर होते आणि मुळं कुजतात, म्हणून वर अर्धा फूट उंचवटा ठेवावा. पिशवी फाडून काढावी (ती तशीच पुरणारे आहेत!), आणि कलमाचा सांधा जमिनीच्या वर निदान अर्धा फूट राहील असं लावावं.

सांध्याला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी सांधा जुळल्यावर कापली नाही तर खोडात रुतते आणि वाऱ्यात कलम तिथंच मोडतं. सांध्याखालून फुटणारे धुमारे दिसताच खुडावेत. ते खालच्या रायवळ (कोयीपासून वाढलेल्या गावठी) खुंटाचे असतात, जोमानं वाढतात आणि वरच्या केसरला उपाशी मारतात. 'केसर म्हणून आणलं आणि निघालं गावठी' ही तक्रार दरवेळी रोपवाल्याच्या फसवणुकीची नसते. पहिल्या उन्हाळ्यात रोपाच्या पश्चिमेला तुरकाट्यांचा आडोसा करावा आणि शेजारी एक मडकं पुरून पाणी आलं की भरून ठेवावं. पहिली तीन वर्षं मोहोर आला तरी खुडायचा. जीवावर येतं, पण झाडाचा सांगाडा त्यावरच तयार होतो.

खताचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. झाडाच्या वयाच्या दर वर्षाला युरिया ३०० ग्रॅम, सुपर फॉस्फेट ३०० ग्रॅम, पोटॅश दीडशे ग्रॅम आणि शेणखत अर्धी पाटी. पाच वर्षांच्या झाडाला याच्या पाचपट, दहाव्या वर्षानंतर वाढवायचं नाही. पहिला चांगला पाऊस झाल्यावर सावलीच्या कडेच्या चरात टाकून मातीनं झाकावं.

मोहोरावर आपल्याकडे दोनच खरे शत्रू, रस शोषणारे तुडतुडे आणि भुरी ही पांढरी बुरशी. करपा कोकणाइतका छळत नाही. तुडतुड्यांसाठी मोहोर फुटण्याआधी आणि बोंगे निघताना निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून, खोडाच्या खाचांतही जाईल असं फवारावं. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक १० लिटरला २० ग्रॅम. पण पारा ३५ च्या वर गेला की गंधकानंच मोहोर करपतो, आणि सोलापुरात फेब्रुवारीअखेरच तो तिथं पोचतो, तेव्हा त्यानंतर गंधक नको. फुलं पूर्ण उमललेली असताना कोणतीच फवारणी करू नये, परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात. कैऱ्या गळू लागल्या की लोक हवालदिल होतात. एका मोहोरात शेकडो फुलं असतात आणि टिकणारं फळ एखाददुसरंच, बाकीचं झाड स्वतःच टाकतं. कैरी अंड्याएवढी झाली की कागदाची पिशवी बांधावी, २५ बाय २० सेंटिमीटरची. फळमाशी, पक्षी आणि ऊन तिन्हींपासून बचाव होतो. त्यासाठी आपल्या दैनिकाचा कालचा अंक उत्तम!

तोडणीत सर्वाधिक नुकसान होतं ते घाईनं आणि काठीनं. फळधारणेपासून साधारण ११० ते १२० दिवसांनी केसर तयार होतो, पण मोहोर दोन-तीन टप्प्यांत येत असल्यानं झाड एका दिवसात उतरवायचं नसतं. पहिला पाड (झाडावर पिकलेलं फळ) पडला की तपासायला लागावं. देठाच्या बाजूचे खांदे देठाच्या वर आलेले आणि देठापाशी खळगा पडलेला हवा, गडद हिरवा रंग फिकट व्हायला हवा. शंका असली तर बादलीभर पाण्यात टाकून पाहावं. बुडालं तर तयार, तरंगलं तर अजून कोवळं. कोकणात ज्याला चौदा आणे म्हणतात ती हीच अवस्था. याआधी काढलेलं फळ सुरकुततं आणि आंबटच राहतं. झाडावर पूर्ण पिकू द्यावं म्हटलं तर वळवाच्या एका वावटळीत सगळा सडा पडतो.

तोडताना पातं आणि जाळी लावलेला झेला वापरावा, सकाळी दहाच्या आत. दीड-दोन इंच देठ ठेवूनच कापायचं. देठ मुळापासून तुटला की चिकाची चिळकांडी उडते. तो चीक सालीवर ओघळला तर तिथं दुसऱ्या दिवशी काळा डाग पडतो आणि पुढे तिथूनच सड सुरू होते, शिवाय डोळ्यात-चेहऱ्यावर उडाला तर आग होते ती वेगळीच. फळं सावलीत गोणपाटावर ठेवावीत, मग देठ कात्रीनं आखूड करून फळं उलटी, देठ खाली करून, तास-दोन तास निथळू द्यावीत. मातीवर ठेवू नयेत. आपटलेली वेगळी काढून लोणच्याला द्यावीत, ती आढीत, म्हणजे पिकायला काडात रचलेल्या थरांत, शेजाऱ्यांनाही नासवतात.

आढीची जागा हाच सोलापुरातला खरा प्रश्न. आंबा २० ते २५ अंशांना चांगला पिकतो. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या खोलीत त्याहून पंधरा अंश जास्त असतात. इतक्या उष्णतेत साल हिरवीच राहते आणि आतला गर मऊ होऊन आंबूस वास मारतो. तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली निवडावी, खिडकीला ओलं गोणपाट टांगावं, पण आढी मात्र कोरडीच हवी. खाली चार इंच गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा, त्यावर फळांचा एक थर, पुन्हा काड, असे दोन-तीन थर, त्याहून जास्त नाहीत. ज्वारीचा कडबा हाताशी असतो पण त्याची ताटं टोचतात, तो टाळावा. तीन-चार दिवसांनी आढी उलगडून डागी फळं काढावीत. सहा ते आठ दिवसांत आंबे तयार होतात. झटपट पिकवायला कार्बाइडची पुडी ठेवणं कायद्यानं बंद आहे. त्यातून निघणाऱ्या वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात.

फळं उतरली की पावसाआधी मधल्या वाळक्या, आडव्या, गुंतलेल्या फांद्या काढून झाडाच्या पोटात ऊन जाऊ द्यावं. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावं: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगळ्या भांड्यांत भिजवून एकत्र करावीत, लोखंडी भांडं वापरू नये.

संपादकांना विनंती अशी की आपल्या शनिवार-रविवारच्या पुरवणीत बागकामाचं जे मासिक वेळापत्रक येतं ते सोलापूर, लातूर, धाराशिव या कोरड्या पट्ट्यासाठी वेगळं छापावं. त्यात जूनच्या चौकटीत एक ओळ आवर्जून घालावी. रायवळ आंबा खाल्ला की कोय धुऊन सावलीत सुकवून महिन्याच्या आतच खड्ड्यात रुजत घालावी, नंतर तिची उगवण मरते. तिचं सोटमूळ जागेवरच खोल जातं, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच रोपावर केसरची काडी घेऊन मृदुकाष्ठ (कोवळ्या शेंड्यावरचं) कलम बांधून घेतलं तर पिशवीतल्या कलमापेक्षा ते आपला उन्हाळा कितीतरी चांगला सोसतं.

आपला,
एक परसबागकार वाचक, सोलापूर