तो मिक्सर नव्हता

आई, बाबा,
सा. न.

परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर आईने ओट्यावर पसरलेले पार्ट बघून विचारलं, काय रे मिक्सर उघडलास का, आणि मी पटकन हो म्हणून मोकळा झालो. ते खोटं होतं. फोनवर हे सांगायला गेलो तर बाबा दुसऱ्या वाक्याला "घे, आईशी बोल" म्हणणार, म्हणून लिहितोय.

तो व्हेपचा टँक होता, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगरेटचा. खाली बॅटरी, वर काचेची एवढीशी नळी, त्यात लिक्विड. आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस, पुढचं वाच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मी सिगरेट ओढत होतो, पोवई नाक्यावरून घरी येताना रोज बडीशेप का खायचो ते आता कळलं असेल. लेस्टरला आल्यावर वाढलीच, थंडी आणि एकटेपणा, काय सांगू. दीड वर्षापूर्वी ह्याच्यावर आलो. ह्यातही निकोटिन असतंच, पण एका मिलीला १२ मिलीग्रॅमवरून ६ आणि आता ३ वर आलोय आणि सिगरेट एकही नाही. लय चांगली गोष्ट आहे असं मी म्हणत नाहीये.

तर टँक गळायला लागला, जीन्सचा खिसा सगळा चिकट. दुकानदार म्हणाला नवीन घे. पण बाबा, गळतंय म्हटल्यावर उघडून बघितल्याशिवाय तुमच्या पोराला झोप येते का. मला तर तो आपला रॉकेलचा स्टोव्हच आठवला, तुम्ही ऐक्यचा पेपर पसरून बर्नर, निपल, पंप ओळीने मांडायचात आणि म्हणायचात, काढशील तसं मांड आणि उलटं जोडत ये. इथे ऐक्य कुठला, टिश्यूवर मांडलं. वरची तोंडाची नळी, झाकण, काच, मधे धुराड्यासारखी नळी, तिच्याखाली कॉईल. कॉईल म्हणजे बारीक तारेचं वेटोळं आणि भोवती कापूस, कापूस लिक्विड पितो, तार तापते, वाफ होते. कोरड्या कापसावर बटण दाबलं की कापूस जळतो आणि तोंडात अशी घाण चव येते की बास, म्हणून नव्या कॉईलवर आधी तीन-चार थेंब सोडायचे, टँक भरायचा आणि दहा मिनिटं गप बसायचं. तुम्ही पंपाचा चामड्याचा वायसर खोबरेलात भिजवून ठेवायचात ना, तसंच काहीसं.

कॉईल सोडून बाकी सगळं कोमट पाण्याने धुतलं, वाळवलं, जोडलं, भरलं (मावतं किती तर २ मिली, इथे इंग्लंडच्या कायद्याने टँक त्याहून मोठा विकता येत नाही). सकाळी बघतो तर टेबलावर परत थारोळं! निकोटिन कातडीतूनही अंगात जातं म्हणून आधी हात धुतले मग परत उघडलं, तेव्हा कुठं लक्षात आलं, रबराच्या दोन काळ्या रिंगा होत्या, एक दुसरीपेक्षा अगदी केसभर जाड, आणि धुताना मी दोन्ही एकाच बशीत टाकलेल्या. वरची खाली गेलेली. बाबा, तुम्ही असता तर टपलीच बसली असती. अदलाबदल केली, गळणं बंद.

हे यंत्र आजच्या रूपात २००३ मधे ज्याने आणलं तो होन लिक म्हणून चीनमधला फार्मासिस्ट. स्वतः भरपूर ओढायचा आणि त्याचे वडील फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. हे वाचलं त्या रात्री मला तुमचा खोकला आठवत राहिला.

दिवाळीला येताना हे आणणार नाही, आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने आणायलाच बंदी आहे. ते पंधरा दिवस कसे काढायचे मी बघतो. फक्त बाबा, मला बोलायच्या आधी शर्टाच्या खिशातली तंबाखूची डबी तेवढी आईकडे द्या, म्हणजे दोघंही एकदमच चिडचिड करू आणि आईला एकाच वेळी दोघांवर ओरडता येईल.

आणि माळ्यावरचा स्टोव्ह भंगारात देऊ नका. वायसर वाळून कडक झाला असेल, आल्यावर उघडू.

तुमचा,
बाळ्या