गाडी ठीक करून देणाऱ्या त्या तिघांचे मनापासून आभार

बाबांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी. स्टिअरिंग दोन इंच फिरवलं तरी चाकं ढिम्म हलत नसत. फर्मागुढीच्या उतारावर तर जीव मुठीत धरून चालवायचो. एका गॅरेजात स्टिअरिंग बॉक्सचा (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी) स्क्रू आवळून दिला. सरळ रस्त्यावर बरं वाटलं, पण वळणावर स्टिअरिंग जड होऊन माघारी येईना.

फोंड्यातल्या वयस्क मेस्त्रींनी आधी स्क्रू पूर्वीसारखा सैल केला. बॉक्स मधोमध जास्त झिजतो, तिथला ढिलेपणा स्क्रूने मारला की कडेला तो आवळतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. मग मला स्टिअरिंग हलकेच डावं-उजवं करायला सांगून स्वतः गाडीखाली एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेले. आयडलर आर्मशी, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणाऱ्या आर्मशी, थांबले. "हात लाव बाबा, इथं बघ." त्याचा बुश (सांध्यातली आतली नळी) पार खलास झाला होता, बोटाखाली आर्म खडखडत होता.

नवा बुश म्हापशाच्या एका काकांनी स्वतःच्या साठ्यातून दिला, पैसे घेतले नाहीत. भर पावसात तो आणून देणारा मुलगा तर चहालाही थांबला नाही.

काल बाबा स्वतः मंगेशीपर्यंत चालवत गेले. तुम्हां तिघांचे फार फार आभार.